खिडकीपलीकडची खुर्ची

घड्याळाच्या टिकटिकीचाही राग यावा अशी शांतता घरात उतरली होती. नाना गेल्यावर भेटायला येणाऱ्यांची वर्दळ हळूहळू ओसरली, शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या परत गेल्या, आणि आता घरात तिघंच उरली. आई, थोरली आणि धाकटा. थोरली आणि धाकटा ही बहीणभावंडं. दोघांचे केस पिकायला लागलेले, दोघांची आपापली घरं. पण आई एकटी पडू नये म्हणून दोघंही इथंच मुक्काम ठोकून होती.

त्या सकाळी धाकट्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि म्हणाला, "नानांचा दाखला काढून टाकतो. हल्ली घरबसल्या मिळतो."

"कसला दाखला?" आईनं विचारलं.

धाकटा घुटमळला. "तोच गं. मृत्यूचा. तुझ्या पेन्शनला लागेल, घर तुझ्या नावावर करायला लागेल. पुढची सगळी कामं त्याच्यावरच अडलीत."

आई खिडकीजवळ बसली होती. मांडीवर सकाळचं वर्तमानपत्र, घडी न मोडलेलं. ती म्हणाली, "तसा नको. थोरली आणेल. ह्यांच्या खिडकीवरून."

"अगं, मी नुसता फोन केला तरी घरी येईल तो," थोरली म्हणाली. तिच्या म्हणण्यात बढाई नव्हती. ती त्या नगरपालिकेची मुख्य अधिकारी होती. ज्या इमारतीच्या तळमजल्यावर नानांनी आयुष्यभर कारकुनी केली, तिच्याच वरच्या मजल्यावर आता तिची खोली होती.

"तेच नको म्हणतेय मी. रांगेत उभी राहा आणि घेऊन ये. आणि उभे राहतात का, तेवढं मला येऊन सांग."

"कोण उभे राहतात?" धाकट्यानं विचारलं.

"तुला नाही कळायचं," आई म्हणाली. "तू कधी डबा घेऊन गेला नाहीस."

थोरलीला मात्र लगेच कळलं. कळलं म्हणूनच तिला जायची धास्ती वाटली.

नाना जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर होते. माणूस आल्याची नोंद आणि गेल्याची नोंद, दोन्ही एकाच खिडकीवर, एकाच टाकानं. शाळेला सुट्टी असली की थोरली दुपारचा डबा घेऊन जायची. त्या खोलीला डिंकाचा आणि शिक्क्याच्या शाईचा वास असायचा. लोकांनी कोपरं टेकून टेकून खिडकीची लाकडी फळी मधोमध गुळगुळीत झाली होती, खोलगट म्हणावी इतकी. थोरली नानांच्या मागं एका स्टुलावर बसायची आणि त्यांची पाठ बघायची.

जन्माचा दाखला न्यायला कोणी आलं की नाना बसूनच बोलायचे. "मुलगी का? वा! आमच्याकडेही एक आहे. साहेब आहे ती, आम्ही तिच्या हाताखाली." ती चार वर्षांची असताना सगळ्या घराला हुकूम सोडायची, तेव्हापासून ते तिला साहेब म्हणत. पुढं ती खरोखरच साहेब झाली. तेव्हा कचेरीतले लोक तिला मॅडम म्हणू लागले आणि साहेब म्हणणारे एकटे नानाच राहिले.

पण कोणाच्या मृत्यूचा दाखला असला की नाना खुर्ची मागं सरकवून उभे राहायचे. कागदावरचं नाव एकदा मोठ्यानं वाचायचे. "बरोबर आहे ना? नीट बघून घ्या." मग दोन्ही हातांनी कागद द्यायचे, आणि ते माणूस खिडकीपासून वळेपर्यंत उभेच असायचे. मग बसायचे. एखाद्या दिवशी त्यांची नुसती उठबस चाललेली असायची.

"नाना, तुम्हाला खुर्ची टोचते का?" तिनं एकदा विचारलं होतं.

"बसून बसून पाय आखडतात गं, साहेब."

तिला ते खरंच वाटलं. त्या रात्रीपासून ती त्यांचे पाय दाबायला लागली. नानांनी दाबू दिले. आई शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. ती खाली मान घालून हसली. बऱ्याच वर्षांनी, कॉलेजात जायला लागल्यावर एका दुपारी थोरलीच्या लक्षात आलं, की जन्माच्या दाखल्याला यांचे पाय कधीच आखडत नाहीत. तिनं परत विचारलं नाही. पाय दाबायचंही सोडलं नाही.

नाना उपदेश करणाऱ्यांतले नव्हते. तसे ते नाकासमोर चालणारे, चारचौघांत उठून न दिसणारे. त्यांच्या तोंडून सेवा, कर्तव्य असले शब्द कोणी ऐकले नाहीत. तिच्या जन्माची नोंद करायची वेळ आली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मित्राला आपल्या खुर्चीत बसवून ते बाहेर गेले आणि आपल्याच खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा मित्रानं चेहरा कोरा ठेवून विचारलं, "बाळाच्या वडिलांचं नाव?"

"तुला माहीत नाही?"

"मला माहीत असून काय उपयोग? तुम्ही सांगायला पाहिजे. आणि दवाखान्याची चिठ्ठी कुठाय?"

चिठ्ठी घरी राहिली होती.

"मग उद्या या," मित्र म्हणाला, आणि मागच्याला हाक मारली, "पुढं चला!"

नाना दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन परत रांगेत उभे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी 'दवाखान्याची चिठ्ठी सोबत आणावी' ही पाटी खिडकीवरून काढली आणि बाहेर फाटकाशी नेऊन लावली. हा किस्सा घरात इतक्या वेळा सांगून झाला होता की धाकटा मित्राचं आणि थोरली नानांचं काम करून दाखवायची. पण आपल्याच खिडकीपुढं रांग कशाला लावली, असं कोणी विचारलं, तर नाना म्हणायचे, "लाज वाटली असती हो. मागं एवढी माणसं उभी होती."

थोरली स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारी झाली. पहिली नेमणूक दूरच्या गावी. एक दिवस नाना न कळवता तिथं आले. भेटायला येणाऱ्यानं बाहेर शिपायाकडे चिठ्ठी लिहून द्यायची पद्धत होती. नाव, गाव, कामाचं स्वरूप. शिपायानं चिठ्ठ्या आलेल्या क्रमानं रचून ठेवल्या आणि दुपार टळल्यावर तिच्या हातात ती चिठ्ठी पडली. कामाचं स्वरूप: जेवली का, हे विचारणे.

ती धावतच बाहेर आली. "नाना! सरळ आत यायचं ना! साहेबांचा बाप आहे म्हणून सांगायचं!"

"तसा रकाना नव्हता," नाना म्हणाले.

संध्याकाळी तिनं त्यांना सगळं दाखवलं. खोली, गाडी, दारावरची नावाची पाटी. ते सगळ्याला "छान, छान" म्हणाले. मग जेवताना, जणू आता आठवलं अशा आवाजात म्हणाले, "साहेब, तुमच्या बाहेरच्या बाकाला पाठ नाही."

तिच्या नोकरीबद्दल आयुष्यभरात त्यांनी एवढंच एक मत दिलं. बाहेरचे बाक बदलले. पुढं ज्या गावी बदली झाली तिथं ती पहिल्या दिवशी आपल्या खुर्चीत बसण्याआधी बाहेरच्या बाकावर बसून आली. हाताखालचे लोक त्याला 'मॅडमचा छापा' म्हणायचे. त्यामागं कोण आहे हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. इथं, नानांच्याच इमारतीत येऊनही सांगितलं नव्हतं. नानांच्या बरोबरची माणसं केव्हाच निवृत्त झाली होती, काही तर त्यांच्या आधी गेली होती, आणि खालच्या मजल्यावर त्यांचं नाव ओळखणारं आता कोणी उरलं नव्हतं.

म्हणून तर ती धास्ती होती. एवढ्या वर्षांत खिडकी बदलली, माणसं बदलली. आता तिथं कोण कशाला कोणासाठी उभं राहील? आणि नसतील राहत, तर ते आईला कोणत्या तोंडानं सांगायचं? अधिकारी म्हणून जावं तर तिच्यासाठी सगळी कचेरी उभी राहिली असती. पण त्या उभं राहण्याला काडीची किंमत नव्हती. खरं काय ते बघायचं तर अनोळखी म्हणून जायला हवं होतं.

तिनं रजा वाढवून घेतली. गाडी नाकारली. घरात वापरायचा जुना सुती ड्रेस घातला, पायांत आईच्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. धाकटा बघत होता.

"गुप्तहेर वाटतेस," तो म्हणाला. "तेही बडतर्फ केलेली."

"गप रे."

"आणि ओळखलं तर?"

"कोण ओळखतंय? वरच्या मजल्यावरचं माणूस खालच्या मजल्यावर कोणाला माहीत असतं?"

हे तिच्या मनाचं समाधान होतं. ते फाटकापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

"मॅडम!" फाटकाजवळचा शिपाई ताडकन उठला. "लिफ्ट चालू आहे, मॅडम!"

"हळू बोला. मी रजेवर आहे."

"मग कशाला आलात?"

"कामाला."

"रजेवर असताना कामाला?" त्याला काही केल्या हिशेब लागेना. ती बोटानं गप्प राहायची खूण करून रांगेकडे गेली. शिपाई गप्प राहिला, पण त्याचा चेहरा गप्प राहिला नाही. बातमीला पाय फुटतात म्हणतात. इथं तर तिला चाकं लागली. रांगेतली माणसं मागं वळून बघायला लागली. पुढचे दोघं आपोआप बाजूला झाले. "या मॅडम, तुम्ही पुढं या." एकानं संधी साधून, "आमच्या गल्लीतला दिवा," असं म्हणत गाऱ्हाणं सुरूही केलं. एवढ्यात खालच्या मजल्याचे अधीक्षक पेनाचं टोपण लावत लगबगीनं बाहेर आले.

"मॅडम, हे काय? आत चला ना. चहा घ्या. कागद वर पाठवतो मी."

झालं. सगळं मुसळ केरात. आता खिडकीवरचं माणूस उभं राहिलंच, तर ते नानांच्या रीतीनं राहिलं की अधीक्षकांच्या धाकानं, हे कोणी सांगावं? आता परत जावं, धाकट्याला लॅपटॉप उघडायला सांगावं, आणि आईला सांगावं की गर्दी होती. थोरली वळणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो बाई, तुम्ही साहेब आहात म्हणे."

मागं एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. बारीक, ताठ, हातात घडी घातलेली छत्री.

"हो, आजी."

"मग वर जा की. वर बसूनच होतं ना तुमचं काम?"

"आज नाही जायचं."

"नाही जायचं तर पुढं सरका. एवढी फट ठेवून उभं राहिलं की मधे कोणीतरी घुसतं. रांगेची सवय मोडली वाटतं तुमची."

रांगेतून हसण्याची एक लाट गेली. अधीक्षकांचा चेहरा पडला. थोरलीनं मात्र निमूटपणे फट भरून काढली आणि बाजूला झालेल्या दोघांना म्हणाली, "तुम्ही आपल्या जागी या. आजी बरोबर बोलतायत." मग अधीक्षकांना हळूच म्हणाली, "तुम्ही आत जा. खरंच. मला घरचं काम आहे."

ते आत गेले. पण गेले ते थेट खिडकीमागं जाऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. थोरलीनं मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. भिंतीला जुन्याच उंचीवर लोकांच्या खांद्यांचा मळकट पट्टा होता. रंग कितीदा दिला तरी तो परत उमटत असणार. नाना चिठ्ठी विसरून याच भिंतीला टेकले असतील.

"कोणाचं काम आहे?" आजींनी मागून विचारलं.

"वडिलांचं."

"गेले?"

"हो."

"आजारी होते?"

"थोडे दिवस. तुमचं, आजी?"

"माझी बहीण. दोघीच राहायचो आम्ही. माझ्यापेक्षा धाकटी." आजींनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "पहिल्यापासून तशीच. जिथं तिथं पुढं घुसायची. इथंही घुसली."

थोरलीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. आजी दुसरीकडे बघू लागल्या. त्यांना ते कळलं असावं, किंवा त्यांचंही तेच झालं असावं.

खिडकीची जुनी लाकडी फळी गेली होती. आता काच होती, तिला बोलायला एक गोल भोक आणि खाली कागद सरकवायची फट. पलीकडे एक तरुण मुलगी संगणकावर बसली होती. थोरलीच्या पुढं एक नवखा बाप होता, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"नाव ठरलं का बाळाचं?" मुलीनं विचारलं.

"बायको एक म्हणते, आई एक म्हणते."

"मग इथं कोणतं घालू?"

"बायकोचं घाला," तो म्हणाला. मग घाईघाईनं, "आईला दाखवायला एक वेगळा मिळेल का?"

मुलगी हसली. बसूनच हसली, बसूनच कागद फटीतून सरकवला. थोरलीनं खुर्ची बघून घेतली. चाकाची होती.

मग तिची पाळी आली. मुलीनं मान वर केली आणि तिचा हात कळफलकावरच थांबला. मागं अधीक्षक खाकरले. मुलीनं नानांचा नोंदणी क्रमांक चुकीचा टाकला, खोडला, परत टाकला. यंत्रात कागद अडकला. तिनं तो ओढून काढला, तर फाटला, दुसरा घातला. थोरलीला वाटलं, आपण या पोरीवर उगाच संकट आणलंय. नानांची रांग वेगळी होती. ते स्वतःच कारकून होते, त्यांच्या रांगेत उभं राहण्यानं कोणाला धाक बसला नव्हता. आपण नुसती त्यांची नक्कल केली, आणि ही बिचारी घामाघूम झाली.

शेवटी कागद बाहेर आला. मुलीनं खुर्ची मागं ढकलली आणि उभी राहिली.

"नाव वाचते, मॅडम. बरोबर आहे का बघा." आणि तिनं नानांचं पूर्ण नाव वाचलं. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव. घरात कोणी कधी न उच्चारलेलं नाव. थोरलीला क्षणभर ते कोणा परक्याचं वाटलं आणि मग एकदम, पहिल्यांदाच, कळलं की ते माणूस खरंच गेलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

मुलीनं काचेच्या बाजूची झडप उघडली आणि दोन्ही हातांनी कागद दिला. अधीक्षक मागं समाधानानं मान हलवत होते. थोरलीनं कागद घेतला. मुलगी उभी राहिली होती, यात शंका नव्हती. पण मुख्य अधिकाऱ्यासमोर कोण बसून राहील? घरी जाऊन "हो आई, उभी राहिली" म्हणता येईल. त्यात एक अक्षर खोटं नसेल, आणि तरी ते सगळंच्या सगळं खोटं असेल. आईला ते लगेच कळेल. आईला नेहमीच कळायचं.

ती खिडकीपासून बाजूला झाली. कागद पिशवीत ठेवायचा होता, पण त्याला घडी घालवेना. ती तशीच भिंतीपाशी उभी राहून पिशवीत एखादी वही, पुठ्ठा, काही ताठ वस्तू सापडते का ते चाचपत राहिली. अधीक्षक आपलं काम झालं असं समजून आतल्या खोलीत निघून गेले. खिडकीशी आजी पोचल्या होत्या. मुलगी बसली होती. तिनं क्रमांक विचारला, आजींनी सांगितला, मुलीनं टाकला. आता तिचे हात सरळ चालत होते.

आणि मग खुर्चीची चाकं मागं सरकल्याचा आवाज आला.

थोरलीनं मान वर केली. मुलगी उभी होती. मागं अधीक्षक नव्हते, कोणीच नव्हतं. "नाव वाचते, आजी. बरोबर आहे का सांगा." तिनं वाचलं. आजींनी कानामागं हात नेला, म्हणून परत वाचलं, सावकाश. मग झडप उघडून दोन्ही हातांनी कागद दिला.

आजींनी तो घेतला आणि तिथंच चष्मा शोधू लागल्या. पिशवीत नव्हता. कमरेला नव्हता. तो गळ्यात दोरीला होता. त्यांनी तो लावला आणि बहिणीचं नाव स्वतः वाचलं, ओठ हलवत. मग कागदाची घडी, घडीची आणखी घडी, मग छत्री काखेतून काढून दुसऱ्या काखेत. मागचा एक जण म्हणाला, "चला ना आजी, आम्हालाही घर आहे." आजी काही हलल्या नाहीत. मुलगीही बसली नाही. आजी वळल्या, दोन पावलं गेल्या, तेव्हा ती बसली आणि म्हणाली, "पुढचे."

थोरली बाजूनं खिडकीपाशी गेली. मुलगी दचकली. "काही चुकलं का, मॅडम?"

"नाही, नाही. एक विचारू? आजींना कागद देताना तुम्ही उभ्या राहिलात."

"हो."

"का?"

मुलगी गोंधळली. पाणी का पितेस असं विचारल्यावर माणूस गोंधळेल तशी. "मृत्यूचा दाखला बसून देत नाहीत ना, मॅडम."

"कोणी सांगितलं?"

"माझ्या आधीच्या बाईंनी. मी नवीन होते तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी."

"नियमात आहे का तसं?"

"नियमात..." तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "बघावं लागेल, मॅडम. पण या खिडकीवर पहिल्यापासूनच आहे म्हणतात. का, बंद करायचंय का?"

थोरलीच्या ओठांवर काहीतरी आलं. एक नाव होतं ते. मघाशी याच पोरीनं मोठ्यानं वाचलेलं. तिनं ते तसंच राहू दिलं.

"नको," ती म्हणाली. "असू दे."

"मॅडम, गप्पा नंतर मारा!" रांगेतून कोणीतरी ओरडलं. आता कोणालाच तिची भीड उरली नव्हती.

आजी फाटकापाशी छत्री उघडत होत्या. ऊन कडक होतं. "झालं का काम?" त्यांनी विचारलं.

"झालं, आजी. तुमच्यामुळे झालं."

"माझ्यामुळे कसलं? मी तुमच्या मागं होते," आजी म्हणाल्या आणि छत्रीखाली चालू लागल्या.

घरी आली तेव्हा आई तिथंच बसली होती. वर्तमानपत्राची घडी अजूनही मोडलेली नव्हती. धाकटा आत फोनवर बोलत होता. थोरलीनं दोन्ही हातांनी कागद काढून तिला दिला. आईनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. मग मांडीवर ठेवला आणि विचारलं, "उभे राहिले?"

"राहिले. एक मुलगी आहे आता तिथं."

"तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठीही. पण ते सोड. माझ्या मागं एक आजी होत्या, त्यांच्यासाठी उभी राहिली. त्यांचा चष्मा सापडेपर्यंत उभी होती."

आई कागदावरून तळहात फिरवत राहिली, सुरकुती काढल्यासारखा. त्याला सुरकुती नव्हती.

"कोणी सुरू केलं हे तिला माहीतच नाही," थोरली म्हणाली. "पहिल्यापासून आहे म्हणाली. मीही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का गं?"

"पहिल्यापासून कसलं," आई म्हणाली. "आधी कोणी उभं राहत नव्हतं. मी गेले त्या दिवशी सुरू झालं ते."

"तू? कुठं गेलीस?"

"खिडकीवर. माझे वडील गेले तेव्हा. भाऊ लहान होता, मग कागद आणायला कोण जाणार? मी गेले. रांगेत रडायचं नाही असं ठरवून गेले होते. हे तेव्हा नवीन लागले होते. बसूनच कागद पुढं केला, सगळ्यांना करत तसाच. मी तो धरला आणि मला जे रडू कोसळलं!" आईनं मान हलवली. "ह्यांना कळेना काय करावं. अनोळखी मुलीशी बोलता तर येत नव्हतंच. घाबरून एकदम उभे राहिले, ते इतक्या जोरात, की खुर्ची मागं धाडकन पडली. मागच्या टेबलावरची शाईची दौत सांडली. सगळी कचेरी वळून बघायला लागली. आणि हे मधोमध उभे, लालबुंद, खुर्ची उचलावी की मला पाणी द्यावं ते न सुचून."

थोरली आईच्या पायाशी येऊन बसली.

"मला हसू आलं," आई म्हणाली. "वडील गेल्यापासून हसलेच नव्हते मी. त्या दिवशी हसले. रडता रडता. मग ह्यांनाही हसू आलं."

"आम्हाला तर सांगितलं होतंत की मधे कोणी माणसं घातली, बघायला आले..."

"ते सगळं नंतर. ते लोकांना सांगायला." आईच्या चेहऱ्यावर कोवळं, चोरटं काहीतरी येऊन गेलं. "दुसऱ्या दिवशी मी परत गेले. नावात चूक आहे असं सांगायला. चूक नव्हती."

"आणि नाना?"

"ते मला बघून परत उभे राहिले. या वेळी खुर्ची धरून. तेव्हापासून उठतच राहिले. मला म्हणाले, एकीला उभं राहून दिला, मग बाकीच्यांना बसून कसा देऊ? तू पाय दाबायचीस ना त्यांचे, तेव्हा मला हसू आवरायचं नाही. पाय कसले आखडतात!"

थोरलीच्या डोळ्यांपुढं ते सगळं उभं राहिलं. ती शाई, ती पडलेली खुर्ची, मधोमध उभा असलेला तो लालबुंद पोरगा, अजून कोणाचाच नाना न झालेला. तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग आवरेना तसं मोठ्यानं. आईही हसायला लागली. दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि मधल्या मधे दाखला मांडीवरून घसरू नये म्हणून आईनं तो एका हातानं घट्ट धरून ठेवला होता.

धाकटा आतून फोन हातात घेऊन धावत आला. कितीतरी दिवसांत या घरात असा आवाज झाला नव्हता. "काय झालं? काय झालं?"

"काही नाही रे," आई म्हणाली. "खुर्ची पडली."